कळशी बुडेल एवढं पाणी

अंधेरी पूर्वेच्या एका कंपनीत मी डिस्पॅच बघतो. कुठला माल, कुठल्या मापाचा, कुठल्या गाडीत चढला, हे ताडून सही करायची, एवढंच माझं काम. चुकीचा माल गेला तर तो परत येतो, आणि परत आलेल्या मालाइतकी लाजिरवाणी गोष्ट आमच्या खात्यात दुसरी नाही. मी नव्या पोरांना कायम सांगतो, अंदाजाने काही लिहायचं नाही, उठून जाऊन बघायचं. आणि मीच माझ्या सख्ख्या बहिणीच्या विहिरीसाठी अंदाजाने बोललो, जागेवरून न उठता.

आक्का माझ्याहून मोठी, साठीला टेकलेली. नवरा वारल्यावर ती माहेरी आली आणि तेव्हापासून सिंधुदुर्गातल्या आमच्या घरात राहते. आईवडिलांचं शेवटचं सगळं तिनेच केलं. मी दहावीनंतर मुंबईला आलो तो इथलाच झालो. जोगेश्वरीला दोन खोल्यांचं घर, बायको, कॉलेजात जाणारी मुलगी. गावच्या सातबाऱ्यावर आम्हा दोघांची नावं आहेत, पण मातीत हात फक्त तिचे.

विहिरीच्या खालच्या उतारावर तिने पोफळीची रोपं लावली आहेत. पोफळ म्हणजे सुपारीचं झाड. एकदा मोठं झालं की उभ्या जन्माला पुरतं, पण पहिली काही वर्षं त्याला तान्ह्या पोरासारखं जपावं लागतं. थंडी सरली की पाऊस येईपर्यंत पाणी चुकवून चालत नाही. हे पाणी आक्का रहाटाने काढायची आणि कळशीकळशीने झाडांना घालायची. आमच्याकडे याला शिंपणं म्हणतात. शब्द किती हलका आहे! तिच्या खांद्याचं दुखणं त्या शब्दात कुठेच दिसत नाही.

पंपासाठी विजेची जोडणी मिळावी म्हणून तिने अर्ज केलेला होता. तारा वाडीच्या अलीकडे येऊन थांबल्या होत्या. अशात मी शेतकऱ्यांसाठीच्या सौरपंपाच्या सरकारी योजनेबद्दल वाचलं. आपण थोडा हिस्सा भरायचा, बाकीचं सरकार देणार. पॅनेल, पंप, बसवून देणं, पुढची काही वर्षं दुरुस्ती, सगळं त्यात. एकच अट होती. सौरपंप घेतला की वीजजोडणीचा अर्ज रद्द होतो. दोन्ही मिळत नाही.

मी फोनवर आक्काला हे समजावलं. ती ऐकून घेत होती, म्हणजे मध्ये मध्ये "हूं" म्हणत होती.

"वायर आज ना उद्या येतली रे," ती शेवटी म्हणाली. "दोन पोल ऱ्हवलेत. ह्या तुझ्या उन्हाचा काय खरा?"

"ऊन काय गो, रोज येता."

"रोज येवक सूर्य काय सरकारी नोकरीत आसा? आणि पावसात?"

"पावसात कोणाक पाणी होया?"

यावर ती हसली. मग म्हणाली, "तू शिकलेलो. तू म्हणतस तर घेवया."

मी इतका जोर का लावला, हे मी स्वतःला नंतर पुष्कळ वेळा विचारलं. योजना चांगलीच होती, यात शंका नाही. पण खरं सांगायचं तर मला आक्कासाठी काहीतरी केल्याचं समाधान हवं होतं, तेही अंधेरीत बसून, कॉम्प्युटरवर. अर्ज भरताना मला वाटत होतं की इतक्या वर्षांचं काहीतरी फिटतंय. तिची वीजजोडणीची रांग मी एका बटणाने सोडून दिली, तेव्हा बोट जरासुद्धा थांबलं नाही.

आमच्या घराशी फोनला रेंज नाही. आक्का बोलायला सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या माळावर, चढून जाते, तेही संध्याकाळी कामं आटोपल्यावर. त्यामुळे अर्जात मी माझा नंबर दिला. शेतकरी ती, पण योजनेच्या लेखी शेतकऱ्याचा आवाज माझा.

गणपती करून आम्ही मुंबईला परतलो होतो. कंपनीच्या आवारात, जिथे टेम्पो लागतात त्या शेडखाली, मी पावसाचा जोर ओसरायची वाट बघत होतो. तेव्हा पंप बसवणाऱ्या कंपनीच्या सर्व्हेवाल्या माणसाचा फोन आला. बोलायला सज्जन होता.

"साहेब, तुमच्या वाडीच्या रस्त्याला पाणी आलंय, गाडी पलीकडे जात नाय. मी ओढ्याच्या अलीकडेच उभा आहे. पुन्हा येऊ, की थोडी माहिती फोनवर देता?"

पुन्हा येतो म्हणजे आणखी किती आठवडे, कोण जाणे. मी म्हणालो, "विचारा ना."

विहीर बांधलेली आहे का, बारमाही आहे का, जागा किती. मी भराभरा सांगत गेलो. मग त्याने विचारलं, "पाणी किती खोल?"

"खोल कसलं? कळशी बुडते हो, उभ्या उभ्या. हात घातला की पाणी."

"म्हणजे सरफेस चालेल. वर ठेवायचा पंप. की पाण्यात सोडायचा हवा?"

"वरचाच द्या. बिघडला तर बहिणीला बघता येईल."

"तिथे कोणी आहे का, एकदा विचारून घ्यायला?"

"अहो, माझीच विहीर आहे ती," मी म्हणालो.

हे वाक्य मी मोठ्याने म्हणालो होतो, कारण शेजारी टेम्पोवाले उभे होते आणि आपल्याला गावाला विहीर आहे हे त्यांनी ऐकावं असं कुठेतरी मला वाटत होतं. त्याने फोटो मागितला. माझ्याकडे ताजा फोटो होता. मी विहिरीच्या काठावर वाकून, हाताने पाणी उडवतोय असा, मुलीने काढलेला. मी तोच पाठवून दिला. त्याने अंगठा पाठवला.

त्यानंतर बरेच दिवस सगळं सुरळीत वाटत होतं. अर्ज मंजूर झाला, हिस्सा भरला, कंपनी ठरली. प्रत्येक मेसेज मी आक्काला संध्याकाळी वाचून दाखवायचो आणि ती म्हणायची, "बरा, बरा." मला त्या "बरा" ची चटक लागली होती.

चूक कळली ती जेवणाच्या सुट्टीत. माझ्याबरोबर डबा खाणारा मित्र अकाउंट्समध्ये आहे, बुलढाण्याकडचा. त्याच्या काकांच्या शेतात असा पंप आधीच बसलेला. मी कौतुकाने सांगत होतो की आमचाही आता येईल.

"सरफेस का सबमर्सिबल?" त्याने विचारलं.

"सरफेस."

"मस्त. म्हणजे तुमच्या विहिरीला उन्हाळ्यात पण पाणी वरच असतं. कोकणी लोकांची मजा आहे यार."

मी घास हातात धरून थांबलो. "का? खाली गेलं तर काय होतं?"

"काय होणार? ओढत नाही ना तो. वर बसून पाणी खेचायचं असतं त्याला. पाणी सात-आठ मीटरच्या खाली गेलं की वाट लागली. काकांच्या शेजाऱ्याचा असाच उभा आहे, उन्हाळाभर नुसता घुमतो. तुमचं किती खाली जातं मे महिन्यात?"

मला सांगता आलं नाही.

तो हसत म्हणाला, "अरे, तू शेवटचा उन्हाळ्यात कधी गेला होतास गावाला?"

मी मनातल्या मनात मागे मागे जात राहिलो. मुलीची दहावी, त्याआधी तिचे क्लास, त्याआधी मेव्हणीचं लग्न, त्याआधी आईचं आजारपण, पण तेही पावसाळ्यातच. दरवर्षी आम्ही गणपतीला जातो. जाताना सगळं हिरवं, ओढे भरलेले, विहीर काठोकाठ. मी माझं गाव म्हणतो ते हे एवढंच गाव, वर्षातले थोडे दिवस उघडं राहणारं. त्या विहिरीचा तळ मी लहानपणी पाहिला असणार. पण किती खाली होता ते आठवेना. लहान मुलाला सगळंच खोल वाटतं.

डबा तसाच बंद केला. आमच्याकडे माल बाहेर पडला की त्याच्यात बदल होत नाही, हे मीच लोकांना सांगतो. मी जिन्यात जाऊन पंपाच्या कंपनीला फोन लावला. पलीकडच्या मुलीने अर्जाचा क्रमांक घेतला, थोडा वेळ थांबवलं आणि म्हणाली, "सर, तुमचा सेट अलॉट झालाय. सरफेस, तीन एचपी. गाडी लागली की कळवू."

"बदलून पाण्यात सोडायचा, सबमर्सिबल मिळेल का?"

"सर्व्हेमध्ये पाणी वर दाखवलंय, सर. फोटो पण आहे, त्यात तुम्हीच आहात वाटतं." ती सहज म्हणाली. "बदल हवा असेल तर बसवायच्या आधी लेखी द्यावं लागेल. पुन्हा सर्व्हे होईल, मग वरून मंजुरी. एकदा बसवून झाला की नाही होणार."

"पुन्हा सर्व्हेला किती दिवस?"

"ते मी नाही सांगू शकत, सर."

याचा अर्थ सरळ होता. माल घेतला तर उन्हाळ्यात निरुपयोगी पंप कायमचा गळ्यात. परत पाठवला तर या उन्हाळ्यात पंपच नाही, आणि पुढे कधी मिळेल ते सांगता येत नाही. विजेची रांग तर मी आधीच सोडून दिलेली. दोन्ही रस्त्यांच्या टोकाला पोफळीची ती रोपं उभी होती, आणि आक्काचा खांदा.

मी लगेच तिला सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. कदाचित पाणी तेवढं खाली जात नसेल, अशी एक फट मी मनात शोधून काढली आणि तिच्यात बसून राहिलो. विचारलं तर ती विचारणार, का विचारतोस? म्हणून विचारलंच नाही. कामावर मी विनाकारण दोनदोनदा पेट्या मोजू लागलो. मोबाईल वाजला की हातातलं काम टाकून बघायचो, बँकेचा मेसेज असला तरी.

बायकोला एका संध्याकाळी सांगितलं. आम्ही जोगेश्वरीच्या गुंफेच्या बाजूच्या रस्त्याने भाजी घेऊन येत होतो.

"मग सांगून टाका ना त्यांना," ती म्हणाली. "त्या काय खाणार आहेत तुम्हाला?"

"एकदा नक्की काय ते कळू दे."

"कळणार कसं? विहीर फोन करणार आहे तुम्हाला?"

"तिने माझ्या शब्दावर वायरची रांग सोडली गं."

"तेच तर. त्यांनी सोडली, आणि तुम्ही त्यांच्यापासूनच लपवताय." ती थोडं पुढे जाऊन थांबली. "अहो, ती कोथिंबीर चिरडताय तुम्ही."

त्याच आठवड्यात आक्काचा फोन आला. वाऱ्याचा आवाज येत होता, म्हणजे सड्यावर होती. आवाजात उत्साह होता, आणि तिच्या आवाजातला उत्साह इतका क्वचित येतो की मी उठून उभा राहिलो.

"बाबू, जागा साफ केलंय हां. तुझी ती पॅनेलां आता खंय ठेवूची ता बघूक नको."

"खंय केलंस?"

"बावीच्या वर. फणस तोडून घेतलंय."

बाव म्हणजे विहीर, आणि तिच्या वरच्या अंगाला आमचा कापा फणस होता.

"आसस मरे?"

"कापो फणस?"

"तोच. तूच म्हणालंस ना, सावली चलणा नाय. मगे काय करू? फणस आपल्या जागेवरसून हलतलो काय?"

मी म्हणालो होतो खरंच. पॅनेलवर दिवसातला कुठलाही वेळ सावली नको, हे मी तिला तीन-तीनदा बजावलं होतं, एखाद्या अधिकाऱ्यासारखं. तो फणस वडिलांनी लावलेला. पण तिने ती आठवण काढली नाही. ती फक्त म्हणाली की लाकूड चांगलं निघालं आणि दाराच्या चौकटीला ठेवलंय.

त्या वेळी बोलायचं होतं. माझ्या तोंडात शब्द आले होते. मी म्हणालो, "बरा केलंस." आणि मग जेवलीस का, गुडघा कसा आहे, असलं काहीतरी विचारून फोन ठेवला. झाड तोडलेल्या माणसाला बरं केलंस म्हणणं हे माझ्या हातून घडलेलं या सगळ्यातलं सगळ्यात वाईट, असं मला वाटतं. विहिरीच्या बाबतीत मी अज्ञानी तरी होतो.

मग माल निघाल्याचा मेसेज आला. गाडी दोन-तीन दिवसांत पोचेल, माणसं बरोबर असतील, लगेच बसवून देतील. मेसेज आला तेव्हा मी साहेबांसमोर उभा होतो आणि ते मला एका चुकलेल्या पेटीबद्दल विचारत होते. त्यांना काय उत्तर दिलं, आठवत नाही.

आक्काला निरोप धाडला, आज सड्यावर ये. शेजारच्या घरात रेंजचा एक कोपरा आहे, तिथल्या सुनेमार्फत निरोप जातो. संध्याकाळी मी आमच्या इमारतीच्या गच्चीवर गेलो. टाकी भरून वाहत होती, पाणी नळीतून खाली गटारात पडत होतं आणि वॉचमनला हाका मारूनही तो मोटर बंद करत नव्हता. तेवढ्यात फोन आला.

"काय रे? सगळी बरी आसत मा?"

"आक्का, एक विचारूचा होता. मे महिन्यात आपल्या बावीचा पाणी कितक्या खाली जाता?"

तिने प्रश्न पुन्हा विचारायला लावला. मग म्हणाली, "तुका म्हायत नाय?"

आवाजात राग नव्हता. तिला खरंच नवल वाटलं होतं. गावातल्या कुठल्याही पोराला जे माहीत आहे ते मला माहीत नाही, हे तिला त्या क्षणी कळलं, आणि मला ते तिला कळल्याचं कळलं.

"नाय," मी म्हणालो.

"वीस हात दोरी सोडतंय. पाडव्यानंतर दोरीक दोरी जोडूची लागता. तळाक गेली तरी कळशी उभी भरणा नाय, आडवी पडता. मगे दोरी हालवून हालवून अर्धी भरूची आणि वर घेवची." ती हे सांगत होती जसं एखादी पाककृती सांगतात. "कित्याक विचारतस?"

वीस हात म्हणजे तीस फूट. नऊ मीटर, हे मी ती बोलत असतानाच करून ठेवलं होतं. मग सगळं सांगितलं. सर्व्हेवाला, ओढा, फोटो, कळशी बुडते म्हणालो ते, आणि कळल्यावरही इतके दिवस गप्प बसलो ते. फणस तोडलास तेव्हाही मला माहीत होतं, हेसुद्धा.

"त्या माणसाक तू कळशी बुडता म्हणान सांगलंस?"

"हो."

"गणपतीत बुडता रे. गणपतीत तर मीय बुडतंय, तुमच्या भांड्यांत."

मी हसायला हवं होतं की नाही, मला कळेना. ती हसत नव्हती.

"फणसाच्या आदी सांगलं असतंस तर बरा झाला असता," ती म्हणाली. त्या एका विषयावर ती एवढंच बोलली, आजपर्यंत.

मग ती लगेच कामाचं बोलू लागली. बावीत आत दगडाचा टप्पा आहे, त्यावर फळी टाकून पंप उन्हाळ्यापुरता खाली बसवला तर? मी दुसऱ्या दिवशी सकाळी कंपनीला विचारलं. ते म्हणाले, आत उतरवला की दुरुस्तीची हमी संपली, आणि पावसात पाणी चढलं की पंप बुडाला. मी तिला तसं सांगितलं.

"मगे परत पाठव."

"आक्का, नंबर गेलो तर? ह्या उन्हाळ्यात काहीच नाय गावायचा. वायर पण नाय."

"गेलो तर गेलो. चुकीचो पंप दारात ठेवून काय मी त्याका हळदकुंकू लावू?"

गाडी खरोखरच आली. ओढ्याशी थांबली आणि चालकाने मला फोन लावला. माल घेतला असं नोंदवायला माझ्या मोबाईलवर आलेला आकडा त्याला हवा होता. तो म्हणाला, "साहेब, इतक्या लांब आलोय, उतरवून तरी जाऊ द्या." मी नाही म्हणालो. तो चिडला, आणि त्याचं बरोबरच होतं. आयुष्यभर परत आलेला माल मी पाहिला होता. परत पाठवणारा माणूस मी पहिल्यांदाच होतो.

बदलासाठीचं पत्र मी तालुक्याच्या कार्यालयात स्वतः नेऊन दिलं. तेव्हा एप्रिल लागला होता. तिथल्या बाईंनी शिक्का मारला, आणि मी पुन्हा सर्व्हे कधी होईल विचारल्यावर समोरच्या गठ्ठ्याकडे नुसतं बघितलं. तिथून घरी गेलो. कित्येक वर्षांनी उन्हाळ्यातलं आमचं घर पाहिलं. उतार भाजून तांबडा झालेला, फणसाच्या जागी एक बुंधा आणि भरपूर ऊन. विहिरीत डोकावलो तर तळाशी नाण्याएवढं आकाश दिसलं.

रजा संपेपर्यंत मी पाणी काढलं. पहिल्या दिवशी माझ्याकडून कळशी सारखी रिकामीच वर यायची. आक्का काठावर उभी राहून बघत होती.

"ओढू नको. झुलव तिका. आडवी पडांदे, मगे हळू उचल."

"भरता काय?"

"अर्धी भरता. अर्धीच भरता, सांगलंय ना तुका."

खांदा असा दुखला की भाताचा घास घ्यायला मी ताटावरच वाकायचो. ते बघून तिने तेलाची वाटी पुढे सरकवली. खालच्या ओळीतली रोपं तेव्हाच टोकाकडून पिवळी पडू लागली होती. तिथपर्यंत कळशी नेताना अर्धं पाणी वाटेत हिंदकळायचं. मी गेल्यावर ती एकटी त्या ओळीला पुरी पडणार नाही, हे आम्हा दोघांना दिसत होतं. रजा वाढवून मागावी, असं मनात आलं. मार्चअखेरीनंतरचा माल तुंबलेला होता, साहेबांचे फोन येत होते. मी आलो मुंबईला.

त्यानंतरचे दिवस मी आकाशाकडे बघून काढले. अंधेरीत ऊन चढलं की लोक घामाला शिव्या देतात. मी त्या उन्हाकडे बघून हिशेब करायचो की आत्ता, या घटकेला, पॅनेल असती तर केवढं पाणी वर आलं असतं. मित्र म्हणायचा, "टेन्शन घेऊ नको यार, होईल." मी ऑफिसच्या कॉम्प्युटरवर अर्जाची स्थिती उघडून बघायचो. प्रलंबित. जेवून येऊन पुन्हा बघायचो.

पुन्हा सर्व्हे झाला, मे लागल्यावर. या वेळी मी सर्व्हेवाल्याला सांगितलं की माझ्याशी बोलू नका, बाईंनाच भेटा. आक्काने त्याच्यासमोर दोरी सोडली आणि त्यालाच ओढायला लावली म्हणे. तो घामाघूम झाला, असं शेजारच्या सुनेने मला हसत हसत सांगितलं.

परवा मंजुरीचा मेसेज आला. पाण्यात सोडायचा पंप, तीच जागा. बसवायची तारीख नंतर कळवतील. मी डिस्पॅचच्या दारात उभा होतो. आनंद व्हायला हवा होता तिथे नुसती भीतीच दाटून आली, कारण मधल्या आठवड्यात तिचा फोन आला नव्हता आणि तो का आला नसेल याचे अंदाज मी बांधत बसलो होतो. संध्याकाळपर्यंत थांबलो. सड्यावरून तिचा फोन आला तेव्हा मी आधी मंजुरीचं सांगितलं.

"बरा," ती म्हणाली. मग, "खालची ओळ गेली रे. एकय ऱ्हवला नाय. वरची हिरवी आसा."

"चुकला गो माझा. सॉरी."

"सॉरी शिंपून पोफळी वाढतत काय?"

ती उत्तरासाठी थांबलीच नाही.

"परसात नवी रोपां केलंय," ती म्हणाली. "पाऊस लागलो की खालच्या ओळीत लावूची आसत. खड्डे मारूक माझो खांदो चलणा नाय. मिरगात येशीत?"

"येतंय."

"येतंय म्हणजे मिरगात हां. गणपतीक नाय. गणपतीपर्यंत लावणी सरता."

"येतंय म्हटलंय ना."

"बघूया," ती म्हणाली, आणि रेंज गेली की तिने ठेवला ते कळलं नाही.

मृग जवळ आला आहे. पावसाच्या तोंडावर आमच्या खात्यात कोणी रजा घेत नाही, माल भिजायच्या आत बाहेर काढायचा असतो. साहेबांच्या केबिनसमोरून मी रोज जातो. आत कोणी बसलेलं असलं की मला बरं वाटतं, आणि बरं वाटल्याची लाज वाटते. रजा अजून मागितलेली नाही.